पंप गेला नाही, दांडी चुकीच्या वेळी काढली

बुलेटवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज पुन्हा पुन्हा येतो. मला तो तीन वेगवेगळ्या लोकांनी पाठवला, त्यातल्या एकाकडे तर स्प्लेंडर आहे. मेसेजचा मथितार्थ असा: जुन्या बुलेटचं ऑइल प्रेशर कमी होतंच. दांडीवर (ऑइलची पातळी मोजायच्या डिपस्टिकवर) ऑइल कमी दिसलं आणि टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) वाजायला लागले की समजायचं. लगेच टॉप-अप करा, जाड ऑइल घाला, जमलं तर ९० नंबरचं गिअर ऑइल. डिझेलनं इंजिन धुवा. हेडवरचा (इंजिनाच्या डोक्यावरचा) ऑइल पाइप सैल करून बघा. ऑइल आलं तर सगळं ठीक, नाही आलं तर पंप बदला.

इथे जुनी बुलेट म्हणजे बिडाच्या इंजिनाची, गिअरबॉक्स वेगळा असलेली. तिला ना प्रेशरचा काटा, ना लाल दिवा. म्हणजे ‘प्रेशर कमी झालं’ हे कुणी मोजलेलंच नसतं. आवाज ऐकून आणि दांडी बघून केलेला तो तर्क असतो. मग निदान तर्क तरी नीट करू.

दांडीपासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं. हे ड्राय संपचं इंजिन आहे, म्हणजे ऑइल क्रँकखाली साठत नाही, वेगळ्या कप्प्यात राहतं. तो साठा क्रँककेसच्याच (इंजिनाच्या खालच्या डब्याच्याच) मागच्या भागात असतो. एक पंप तिथून ऑइल क्रँककडे (पिस्टनच्या जोरानं फिरणाऱ्या दांड्याकडे) ढकलतो, दुसरा खाली साचलेलं ऑइल परत कप्प्यात आणतो. गाडी पंधरा दिवस उभी राहिली की कप्प्यातलं ऑइल पंपातून हळूहळू झिरपत क्रँकखाली उतरतं. मग दांडी कोरडी निघणारच. ऑइल कुठे जळालेलं नसतं, गळालेलं नसतं, फक्त खालच्या मजल्यावर जाऊन बसलेलं असतं. मी पहिल्या पावसाळ्यानंतर कोरडी दांडी बघून घाबरलो आणि जवळजवळ लिटरभर ऑइल ओतलं. किक मारली, परतीच्या पंपानं खालचं ऑइल वर आणलं, आणि जास्तीचं ऑइल ब्रीदरच्या (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या) नळीतून सरळ बाहेर. मागचं टायर, चेन आणि माझी पँट, तिन्हींची एकदमच सर्व्हिसिंग झाली. गाडी पाच-दहा मिनिटं चालवायची, बंद करायची, लगेच दांडी बघायची. तेव्हा कमी दिसलं तरच टॉप-अप.

टॅपेटच्या आवाजाचं प्रकरण निराळं आहे. मेसेज लिहिणाऱ्यानं इथे दोन इंजिनांची खिचडी केली आहे. नंतरच्या युनिट कन्स्ट्रक्शन (इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र असलेल्या) इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट आहेत, ते ऑइलच्या दाबावर चालतात, तिथे आवाजाचा संबंध ऑइलशी लावणं बरोबर आहे. बिडाच्या इंजिनात टॅपेट हातानं लावायचे असतात. इंजिन थंड, पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला, पुशरॉड (टॅपेटकडून वर व्हॉल्व्हकडे जोर नेणारा दांडा) बोटानं सहज फिरला पाहिजे पण वर-खाली हलता कामा नये. एवढं जमलं की बहुतेक टकटक थांबते. दोन स्पॅनर आणि अर्धा तास, बस.

आता ९० नंबर. इंजिन ऑइलच्या ५० पेक्षा ९० मोठा, म्हणजे जवळजवळ दुप्पट जाड, असा साधा हिशोब लोक करतात. पण गिअर ऑइल आणि इंजिन ऑइल यांच्या नंबरांच्या पट्ट्याच वेगळ्या. गरम झाल्यावर ९० चं गिअर ऑइल साधारण ४० ते ५० च्या इंजिन ऑइलएवढंच जाड असतं. म्हणजे ज्यासाठी घातलं ते मिळालंच नाही, आणि काजळी धरून ठेवणारं डिटर्जंट जे इंजिन ऑइलमध्ये असतं, तेही गेलं. खरोखर जाड इंजिन ऑइल घातलं तर आवाज काही दिवस दबतो, हे मी नाकारत नाही. पण थंडीत सकाळी पहिल्या किकला ते पंपापर्यंत आणि फेल्टच्या फिल्टरमधून पुढे जायला वेळ लावतं, आणि झीज तेवढ्यातच होते. २०डब्ल्यू५० नंबरचं इंजिन ऑइल घाला आणि दुखणं शोधा.

डिझेलबद्दल फार लिहीत नाही. ज्या बेअरिंगला ऑइलचा थर हवा, त्याला पाच मिनिटं डिझेलवर पळवायचं, हे ऐकूनच अंगावर काटा येतो. शिवाय या इंजिनाला कप्प्याचा आणि क्रँककेसचा ड्रेन वेगवेगळा आहे. एकच बोल्ट सोडणाऱ्याकडे डिझेलही आतच राहतं.

हेडवरचा पाइप सैल करून ऑइल आलं, म्हणजे ऑइल हेडपर्यंत आलं. बिग एंडला, म्हणजे पिस्टनचा कनेक्टिंग रॉड जिथे क्रँकला जोडतो त्या बेअरिंगला, मिळतंय की नाही, हे त्यावरून कळत नाही, आणि खरी भीती तिथेच आहे. बऱ्याच जुन्या इंजिनांत बिग एंडला रोलर नसून तरंगता बुश (मोकळी फिरणारी धातूची कडी) आहे, तो ऑइलच्या थरावरच जगतो. टायमिंग कव्हरमधून (इंजिनाच्या बाजूच्या गिअरांवरच्या झाकणातून) ऑइल क्रँकच्या टोकात शिरतं तिथे एक छोटा कॉर्कचा सील असतो. तो चपटा झाला की ऑइल क्रँकमध्ये न जाता बाजूनं टायमिंगच्या खणात सांडतं, तिथून खाली, तिथून परत कप्प्यात. वरून बघणाऱ्याला सगळं छान फिरताना दिसतं.

माझ्या गाडीला खालून ठोका यायला लागला तेव्हा एका गॅरेजवाल्यानं हाच मेसेज प्रमाण मानून पंप बदलला. ठोका तसाच. शेवटी मीच कव्हर काढलं तर कॉर्क वाळलेल्या चिंचोक्यासारखा कडक, एका बाजूनं तुटलेला. नवा बसवला, पण तोवर बुश गेला होता आणि क्रँक उतरवावा लागला. काढलेल्या जुन्या पंपाची तबकडी काचेवर बारीक पेस्टनं घासून बघितली, चकचकीत सपाट निघाली. तोच पंप परत बसवलाय.

पंपाचीच शंका असेल तर फिल्टरची टोपी थोडी सैल करा आणि इंजिन क्षणभर चालू करा. फिल्टर बिग एंडकडे जाणाऱ्या वाटेवर आहे. तिथून ऑइल पाझरलं तर पंप ढकलतोय, मग कॉर्क बघा. नाही पाझरलं तर आधी फिल्टरची स्प्रिंग आणि वॉशर कुणी उलटसुलट तर बसवले नाहीत ना, ते बघा, मग पंपाची तबकडी. आणि कव्हर परत लावताना फिल्टरचा खण ऑइलनं भरा, डी-कॉम्प (कॉम्प्रेशन सोडणारा लिव्हर) दाबून वीसेक किका रिकाम्या मारा, मगच गाडी चालू करा.