रमी न खेळल्याचा दाखला

परवा सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी एका अनोळखी बाईंनी मला फोनवर विचारलं, "तुम्हीच का ते रमीवाले?"

तोंडात ब्रश होता. त्यामुळे जो काही आवाज निघाला तो त्यांनी होकार धरला.

मी रमीवाला नाही, यादीवाला आहे. आरमार, बोटी, बंदरं, गोद्या, दीपगृहं, भरती-ओहोटीची कोष्टकं यांच्यावर इंटरनेटवर कुठे काही धड लिहिलेलं सापडलं की मी त्याची नोंद करतो. गेली चौदा वर्षं, फुकट. नोकरी अंधेरीला हिशेबाची आणि घर मुलुंडला. तिथून समुद्र दिसत नाही, फार तर जुलैत तोच एल.बी.एस. रोडवर भेटायला येतो. वडील बीपीटीत, म्हणजे बॉम्बे पोर्ट ट्रस्टमध्ये, टॅली क्लार्क होते, बोटीतून उतरणारी पोती मोजायचे. मी साइटी मोजतो. त्यांना पगार होता.

झालं होतं ते असं. माझ्या यादीत 'रामदास' बोटीवरच्या एका पानाचा दुवा होता. १७ जुलै १९४७ च्या सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ही बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. अलिबागकडच्या एका निवृत्त गृहस्थांनी वाचलेल्यांच्या हकिकती हौसेने टाइप करून ठेवल्या होत्या. ते वारले. साइटच्या नावाचे वर्षाचे पैसे भरायला मागे कोणी नव्हतं. ते नाव कोणीतरी उचललं आणि तिथे पत्ते मांडले.

दुवे तपासणारा माझा एक प्रोग्राम आहे, रविवारी रात्री फिरतो. पान सापडलं नाही की ४०४ असा शेरा मारतो. पण रमीचं पान झकास सापडत होतं. शेरा २००, म्हणजे सर्व क्षेम. मशीनच्या लेखी रामदास बुडालीच नव्हती.

"आमचे हे चौऱ्याऐंशीचे आहेत," बाई म्हणाल्या. "गिरगावात पन्नास वर्षं शिक्षिकेचा नवरा म्हणून राहिलेत. काल रात्री साडेअकराला टॅबवर पत्ते खेळताना सापडले."

मागून आवाज आला, "खेळत नव्हतो! मामाला शोधत होतो!"

"ऐकलंत? मामाला शोधत होते. पत्त्यांत."

मी चूळ भरली आणि सगळं समजावून सांगितलं. साइटचं नाव, त्याचं भाडं, मुदत, लिलाव. बाईंनी ते इयत्ता सातवीच्या तोंडी परीक्षेसारखं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे ह्यांना तिथे तुम्ही पाठवलंत."

"मी रामदासवर पाठवलं होतं."

"आणि पोचले कुठे?"

"रमीवर."

"म्हणजे इंडिकेटरला कर्जत लावायचं आणि गाडी कसाऱ्याला न्यायची. रमीवाले तुम्हाला किती देतात?"

"काही नाही हो."

"मग निदान बोटीवाले?"

"ते पण नाही."

"मग करता कशाला?"

हा प्रश्न माझी बायको चौदा वर्षं विचारते आहे. ती तेव्हा चहा गाळत होती आणि फोन स्पीकरवर होता. तिने गाळणं हवेत धरून उत्तराची वाट पाहिली. उत्तर आलं नाही तशी समाधानाने कप भरला.

मग फोन काकांनी घेतला. त्यांचा मामा लालबागच्या गिरणीत होता. अमावास्येला गावी यायला निघाला होता, येताना भोवरा आणणार होता. काका तेव्हा सहा वर्षांचे. "दर वर्षी या दिवसांत मी ते पान वाचतो," ते म्हणाले. "या वेळी उघडलं तर एक बाई मला तेरा पानं वाटायला लागली. मला वाटलं, वाचायच्या आधी ओळख पटवतात."

यावर हसावं की नाही ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

खरी अडचण पुढेच होती. पुण्याच्या मुलाने घाबरून बँकेचा पासवर्ड बदलला होता आणि काकांचं पेन्शन आता त्यालाच दिसत होतं. काकू म्हणाल्या, "तुम्ही लेखी द्या. लेखी असेल तर तो ऐकेल."

लोकांना मी नेमका कोण वाटतो, हा एक वेगळाच विषय आहे. मांडव्याची शेवटची बोट किती वाजता, हे मला आठवड्यातून चारदा विचारलं जातं. वेळ चुकली तर शिव्याही मलाच. "पोराला नेव्हीत चिकटवा" म्हणणारे आहेत. ठाण्याचे एक हॉटेलवाले तर दोन वर्षं मागे लागलेत की त्यांची सुरमई थाळी 'सागरी' या सदरात घ्या. नाही म्हटलं तर म्हणतात, "सुरमई काय विहिरीत धरतो आम्ही?" याला माझ्याकडे उत्तर नाही, पण थाळी मी घेणार नाही.

आणि कंटाळा येतो तो या लोकांचा नाही. जुनी 'विक्रांत' घ्या. १९६१ ला आरमारात आली, १९७१ ला बंगालच्या उपसागरात लढली, १९९७ ला निवृत्त झाली. पुढे इथेच संग्रहालय म्हणून उभी होती, मुलीला खांद्यावर घेऊन मी तिच्या डेकवर फिरलोय. २०१४ ला दारूखान्यात, म्हणजे मुंबईत जुन्या बोटी मोडतात तिथे, तिचे तुकडे केले. २०२२ ला नवी 'विक्रांत' आली, तेच नाव, तोच आर-११ क्रमांक. चांगलंच झालं. पण आता जुनीबद्दल शोधायला जावं तर समोर नवी येते, आणि जुनीवरची हौशी पानं एकेक करून मरतायत. उलट वाडियांनी १८१७ साली इथेच, मुंबईत, मलबारी सागवानात बांधलेली 'ट्रिंकोमाली' तिकडे इंग्लंडात हार्टलपूलला अजून तरंगते आहे. गोऱ्यांनी दोनशे वर्षांचं आपलं लाकूड जपलं. आपल्याला एका पानाचं वर्षाचं भाडं जड. माझी यादी ही आता निम्मीशिम्मी मयतांची नोंदवही झाली आहे, आणि तिच्यातही भुतं राहायला येतात, पत्ते घेऊन.

असो. दाखला लिहिला. "दाखला देण्यात येतो की, सदर गृहस्थ दि. १६ जुलै रोजी रात्री रमी खेळत नसून, आमच्या सूचीतील सदोष दुव्यामुळे तेथे पोहोचले होते." खाली सही. सोबत इंटरनेट अर्काइव्हमधून त्या पानाची एक जुनी प्रत शोधून पाठवली. फोटो सगळे उडालेले, मजकूर अर्धा. मामाचं नाव त्यात नव्हतं. काकांनी उलट विचारलं, "अक्षर मोठं करता येतं का?"

संध्याकाळी दाखला परत आला. काकूंनी तो छापून, लाल पेनाने तपासून, फोटो काढून पाठवला होता. 'सदर' दोनदा आलंय असं वाटून एक गोल केलेला, मग मोजून तो खोडलेला. 'दुव्यामुळे' खाली दोन रेघा आणि समासात: "दुवा म्हणजे आशीर्वाद. आशीर्वाद सदोष कसा?" आणि शेवटी: "शिक्का नाही. ग्राह्य नाही."

चौदा वर्षांत माझ्या कामाची इतकी बारकाईने दखल पहिल्यांदाच घेतली गेली.

काल ऑफिसातून अर्धा दिवस काढून फोर्टात रबरी शिक्केवाल्याकडे गेलो. टपरीएवढं दुकान, तोंडात सुपारी. त्याने चिठ्ठी पुढे सरकवली. मी लिहिलं: नौदल व सागरी संकेतस्थळ सूची, मुलुंड. तो 'नौदल'पर्यंत वाचून थांबला आणि चिठ्ठी उलटी करून ठेवली.

"नेव्हीचा शिक्का असाच नाही बनवता येत, साहेब. लेटरहेडवर लेखी आणा."

मी निघालो तसं त्याने मागून हाक मारली, "आणि त्याच्यावर शिक्का लागेल हां."