शेततळ्यातलं पाणी येतं कुठून?

उन्हाळा लागला की तो मेसेज हमखास फिरतो: "प्रत्येक शेतात शेततळं झालं की दुष्काळ गेलाच समजा. पावसाचं पाणी साठतं, जमिनीत जिरतं, शेजाऱ्याच्या विहिरीलाही फायदा." सोबत काठोकाठ भरलेल्या तळ्याचा फोटो.

"जिरतं." फोटोत तळ्याच्या काठावर चमकतोय तो प्लास्टिकचा कागद. तो अंथरतात कशाला? पाणी जिरू नये म्हणूनच ना!

"पावसाचं पाणी साठतं." बिनकागदाच्या, ओघळीवरच्या तळ्यात साठतं, आणि विदर्भात कोरडवाहू पिकाला त्यातून एखादं पाणी मिळालं तर पीक वाचतं. पण नाशिक, अहिल्यानगर, जालन्याच्या फळबागांच्या पट्ट्यात जाऊन बघा. चारी बाजूंनी मातीचा उंच भराव, रानातलं पाणी आत यायला वाटच नाही. भरावावरून आत सोडलेला असतो बोअरचा पाइप. म्हणजे भूगर्भात सावलीत असलेलं पाणी उपसून उन्हात ठेवायचं. 30 बाय 30 मीटरच्या, 3 मीटर खोल तळ्यात साधारण 22 लाख लिटर मावतं. तळं भरलेलं असताना उन्हाळ्यात रोज 8 मिलिमीटर बाष्पीभवन धरलं तरी 7,200 लिटर हवेत जातात. दीड दिवसाला दहा हजार लिटरचा एक टँकर! तेच गाव मे महिन्यात टँकर मागतं.

"शेजाऱ्याला फायदा." आपल्या काळ्या कातळात पाणी मावतं थोडं, आणि ते सगळ्यांचं एकच. ज्याचा बोअर खोल आणि तळं मोठं, तो दिवाळीनंतर उपसून घेतो. नुसती विहीर असलेला बघत बसतो. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपाला 2024 पासून वीजबिलच नाही, मग मोटार बंद कोण करणार? 2009 च्या भूजल कायद्यात खोल विहिरींवर निर्बंध आहेत. कागदावर. (हा कागद वेगळा.)

"मग डाळिंबाची बाग वाळू द्यायची का?" प्रश्न रास्त आहे, बागेत कर्ज अडकलेलं असतं. एकट्या बागायतदाराला तळं परवडतं, म्हणून तर तो खणतो. पण त्याला जलसंधारण म्हणून अनुदान द्यायचं, तर आत येणारा पाइप कुठून आलाय एवढं तरी बघावं. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावानं सिंचनासाठी बोअर घ्यायलाच बंदी केली. तिथं पावसाळा सरला की ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात, आणि रब्बीत काय पेरायचं ते त्यावर ठरतं.