‘क्वार्टरबॅक पळत राहिला म्हणून हरलो’ हा हिशेब चुकीचा आहे

अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये वरच्या क्रमांकाचा संघ अनपेक्षित हरला आणि त्याचा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची चाल सुरू करणारा आणि पास टाकणारा खेळाडू, पळणारा असला, की दुसऱ्या दिवशी एकच निदान सगळीकडे फिरतं. क्वार्टरबॅकला पळवणं ही नुसती क्लृप्ती आहे. समोरचा बचाव ती एकदा ओळखतो आणि मग संघाकडे दुसरं काही उरत नाही. असा संघ पिछाडीवरून परत येऊ शकत नाही. शिवाय क्वार्टरबॅक जायबंदी होतो तो होतोच.

या निदानाचा हुकमी पुरावा म्हणून अजूनही एक सामना पुढे केला जातो: १७ नोव्हेंबर २०१२, वेको, टेक्सस. कॅन्सस स्टेट १०-० वर होता, म्हणजे दहाही सामने जिंकलेला, आणि बीसीएस या तेव्हाच्या राष्ट्रीय क्रमवारीत पहिला. बेलरने तोवर चार सामने जिंकले होते आणि पाच हरले होते. त्या बेलरने कॅन्सस स्टेटला ५२-२४ असं झोडपलं. कॅन्सस स्टेटचा क्वार्टरबॅक कॉलिन क्लाइन. आदल्या मोसमात त्याने पळून २७ टचडाउन केले होते (टचडाउन म्हणजे चेंडू घेऊन गोलरेषा ओलांडणं) आणि क्वार्टरबॅकच्या तेव्हाच्या विक्रमाची बरोबरी साधली होती. पुरावा तोच घेऊ आणि एकेक मुद्दा तपासू.

‘पळवून पळवून हरले’

त्या रात्री क्लाइनने पास टाकले ५०. त्याच्या नावावर धावा लागल्या १७. धाव म्हणजे इथे चेंडू घेऊन पळण्याची एक खेप, गुण नव्हे. पळण्यावर उभ्या असलेल्या संघाचा क्वार्टरबॅक ५० पास टाकतो, तेव्हा संघ आपली पद्धत सोडून खेळलेला असतो. तीन पास बेलरच्या हातात गेले. म्हणजे चेंडू गमावला तो पास टाकताना.

‘१७ धावांत फक्त ३९ यार्ड, बघा कसं अडवलं’ हा आकडाही जपून वाचायला हवा. कॉलेजच्या नोंदवहीत पास टाकायला मागे गेलेला क्वार्टरबॅक पकडला गेला, तर तो सॅक ‘धाव’ म्हणूनच मोजला जातो आणि गमावलेले यार्ड त्याच्या धावांतून वजा होतात. व्यावसायिक लीगमध्ये तसं नाही. त्यामुळे कॉलेजच्या क्वार्टरबॅकचा धावांचा आकडा जसाच्या तसा कधीच वापरू नये. आधी सॅक बाजूला काढा, मग पास टाकायला जागा न मिळाल्याने मारलेल्या पळापळी वेगळ्या करा. उरतात त्या आखलेल्या धावा. पद्धत चालली की नाही हे त्यांच्यावरूनच कळतं.

आणि ५० पास टाकायची वेळ का आली? बेलरने त्या दिवशी पळून ३४२ यार्ड काढले. त्यांचा रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन पळणारा खेळाडू, सीस्ट्रंक याने एकट्याने १८५, त्यात ८० यार्डांची एक टचडाउन धाव. कॅन्सस स्टेटचा सेफ्टी टाय झिमरमन दुखापतीमुळे मैदानात नव्हता. सेफ्टी म्हणजे मागचा राखणदार. पुढची फळी फुटली की बारा यार्डांची धाव बारावरच थांबवायची त्याने. तिथे कोन चुकला की बाराचे ऐंशी होतात. दुसऱ्या सत्राच्या मध्यापर्यंत फळा २८-७ होता. बचाव अशी गळती लावतो तेव्हा कोणत्याही आक्रमणाला आपला आराखडा गुंडाळून ठेवावा लागतो. दोष आक्रमणाच्या नावावर लिहिला गेला, खरा खर्च बचावाने केला होता.

‘ही नुसती क्लृप्ती आहे’

इथे जरा थांबू, कारण सगळा वाद या मुद्द्यावर उभा आहे आणि त्याचं उत्तर साध्या बेरीज-वजाबाकीत आहे.

दोन्ही बाजूंना अकरा-अकरा. क्वार्टरबॅकने चेंडू रनिंग बॅकच्या हातात दिला की तो स्वतः कुणालाही अडवत नाही, आणि चेंडू घेणाराही अडवत नाही. अडवणारे उरले नऊ, बचावाचे अकरा. दोन माणसं मोकळी. चेंडू क्वार्टरबॅकनेच ठेवला, तर रनिंग बॅक अडवायला मोकळा होतो. अडवणारे दहा. बचावाचा एकच माणूस जास्त, आणि तो बहुतेक वेळा पंधरा यार्ड मागचा सेफ्टी असतो. हे एका माणसाचं अंतर ऐकायला छोटं वाटतं. पण तिसऱ्या डाउनला (दहा यार्ड जायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी तिसऱ्याला) दोन यार्ड हवे असतात तेव्हा सगळं त्यावरच ठरतं.

आता मधल्या गर्दीत, म्हणजे ज्याला बॉक्स म्हणतात तिथे बघा. पाच लाइनमन (मधे सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, त्यांच्या बाहेर टॅकल), त्यांच्या शेजारचा एक टाइट एंड आणि रनिंग बॅक मिळून अडवणारे सात. बचावाने बॉक्समध्ये सात ठेवले तर जोड्या लागतात आणि क्वार्टरबॅकला अडवायला कुणी उरत नाही. म्हणून बचाव सेफ्टीला खाली ओढून आठ करतो. तसं केलं की मागचं दार उघडं. रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा, आणि त्याचा राखणदार समोरासमोर, मदतीला कुणी नाही.

या पद्धतीची मूळ चाल म्हणजे क्वार्टरबॅक पॉवर. उजवीकडची घ्या. उजवा गार्ड आणि टॅकल समोरच्यांना आत, डावीकडे दाबतात. रनिंग बॅक पुढे जाऊन बचावाच्या कडेच्या एंडला बाहेर ढकलतो. डावा गार्ड आपली जागा सोडून लाइनच्या मागून धावत येतो आणि पडलेल्या भगदाडातून थेट लाइनबॅकरवर, म्हणजे बचावाच्या पुढच्या फळीमागे उभ्या खेळाडूवर, जातो. क्वार्टरबॅक स्नॅप, म्हणजे सेंटरने मागे दिलेला चेंडू, घेतो, एक पाऊल थांबतो आणि त्या गार्डच्या पाठोपाठ जातो.

ही चाल तीन ठिकाणी बिघडते. डाव्या गार्डची मोकळी झालेली जागा सेंटरने लगेच मागे वळून बुजवली नाही, तर बचावाचा टॅकल तिथून घुसतो आणि क्वार्टरबॅकला पाठीमागून पकडतो. कडेचा एंड बाहेर ढकलला न जाता रनिंग बॅकच्या आतल्या खांद्याखालून शिरला, तर भगदाड बुजतं. मग गार्डने आणि क्वार्टरबॅकने दोघांनीही वळसा घालून बाहेर निघायचं असतं, आणि एकाने वळून दुसरा आत गेला की चाल मेली. तिसरी चूक अधीरतेची. क्वार्टरबॅक गार्डच्या पुढे निघून गेला तर लाइनबॅकरची धडक सरळ त्यालाच बसते. प्रेक्षकाला तिन्ही वेळा ‘दोन यार्ड, ओळखली चाल’ एवढंच दिसतं. प्रत्यक्षात तिघांपैकी एकाचं पाऊल चुकलेलं असतं, आणि ते सरावात दुरुस्त होतं.

कॅन्सस स्टेटसारख्या संघाने ही पद्धत का घ्यावी, हेही यातच आहे. मॅनहॅटन, कॅन्सस इथे देशातले सर्वांत नावाजलेले शालेय खेळाडू रांग लावत नाहीत. त्यांचे प्रशिक्षक बिल स्नायडर यांनी दोन वर्षांच्या ज्युनिअर कॉलेजांतून आणि शिष्यवृत्तीशिवाय आलेल्या मुलांतून संघ बांधले. एकेकाला एकेकाने हरवायची ताकद कमी असेल तर माणसांची संख्या आपल्या बाजूने फिरवायची. यात दिखावा कुठेच नाही.

‘यावर विजेतेपद मिळत नाही’ हे शेपूट तर चटकन कापता येतं. टेक्ससच्या व्हिन्स यंगने ४ जानेवारी २००६ रोजी यूएससी (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ) विरुद्ध अंतिम लढतीत पळून २०० यार्ड काढले, निकाल ४१-३८. ऑबर्नच्या कॅम न्यूटनने २०१० मध्ये पळून १,४७३ यार्ड केले आणि संघ राष्ट्रीय विजेता झाला. फ्लोरिडा २००८ मध्ये घरच्या मैदानावर ओल मिस (मिसिसिपी विद्यापीठ) कडून ३१-३० असा हरला. शेवटी चौथ्या डाउनला एक यार्ड हवा असताना टिम टीबोला अडवलं गेलं आणि तेव्हाही हेच निदान निघालं. पण त्या सामन्यात बरोबरी साधणारी अतिरिक्त गुणाची किक अडवली गेली होती, हे कितीजण सांगतात? तोच संघ त्या मोसमाचा राष्ट्रीय विजेता ठरला.

‘बचावाने ओळखलं, आता संपलं’

बेलरचा बचाव त्या वर्षी देशात सर्वांत जास्त यार्ड देणाऱ्यांपैकी होता. त्यांना काही गुरुकिल्ली सापडली होती असं मानायला आधार नाही. दोन आठवड्यांनी, १ डिसेंबरला, क्लाइनच्याच संघाने टेक्ससवर ४२ गुण लावले, ४२-२४ ने जिंकले आणि बिग ट्वेल्व्ह या आपल्या गटाचं विजेतेपद घेतलं.

बचावाकडे उत्तरं असतात हे खरं. रीड ऑप्शनमध्ये मागच्या बाजूच्या एंडला मुद्दाम मोकळं सोडतात. तो आत धावला तर क्वार्टरबॅक चेंडू स्वतः ठेवतो, जागेवर थांबला तर रनिंग बॅकला देतो. यावर बचावाने अदलाबदल शोधली. एंड आत धावतो, क्वार्टरबॅक चेंडू काढून बाहेर निघतो आणि तिथे लाइनबॅकर वाट बघत उभा असतो. पण त्यालाही उत्तर आहे. टाइट एंडने त्या एंडला हात न लावता वळसा घालून थेट लाइनबॅकरवर जायचं. सगळ्यात सुंदर उत्तर मात्र पासचं आहे. लाइन धावेसारखीच अडवते, क्वार्टरबॅक दोन पावलं पुढे टाकतो, लाइनबॅकर आणि सेफ्टी खाली झेपावतात आणि टाइट एंड त्यांच्या पाठीमागे एकटा उभा असतो. छोटा, सोपा पास. कॉलेजच्या नियमात पासच्या वेळी लाइनमन तीन यार्ड पुढे जाऊ शकतात, व्यावसायिक लीगमध्ये एकच, म्हणून ही चाल कॉलेजात जास्त फळते. क्वार्टरबॅकने चेंडू क्षणभर जास्त धरला की लाइनमन तीन यार्डांच्या पुढे जातो आणि पाच यार्डांचा दंड बसतो.

ही उत्तरं एखाद्या शनिवारी वापरलीच गेली नाहीत, तर टीका जरूर करावी. ती चाली निवडणाऱ्यावर करावी.

‘पिछाडी भरून काढता येत नाही’

या मुद्द्यात तथ्य आहे आणि ते मान्य करायला हवं. ८० यार्ड जायचे आणि दर धावेला पाच यार्ड मिळाले, तर १६ स्नॅप लागतात. धावेनंतर घड्याळ चालू राहतं. दोन स्नॅपमध्ये ३५ सेकंद धरले तरी नऊ मिनिटांवर जातं, आणि एक सत्र पंधरा मिनिटांचं. २०१२ मध्ये प्रत्येक फर्स्ट डाउनला (दहा यार्ड पूर्ण झाल्यावर) घड्याळ थोडं थांबत असे. २०२३ पासून ते फक्त दोन्ही अर्धांच्या शेवटच्या दोन मिनिटांत थांबतं, म्हणजे अडचण वाढलीच आहे.

पण ‘अवघड’ आणि ‘अशक्य’ यांत फरक आहे. २६ नोव्हेंबर २०१० रोजी ऑबर्न अलाबामाच्या मैदानावर ०-२४ ने मागे होता आणि २८-२७ ने जिंकला. न्यूटनच्या त्या दिवसाच्या धावा २२, यार्ड ३९. क्लाइनचे वेकोतले यार्डही तेवढेच! फरक असा की न्यूटनने फक्त २० पास टाकले आणि त्यांत २१६ यार्ड नि तीन टचडाउन काढले. तो पळेल या धाकाने बचाव पुढे दाटलेला होता आणि मागे जागा पडत होती. ऑबर्नच्या आक्रमणाचे प्रशिक्षक गस मालझान यांचं आक्रमण चालीआधी घोळका न करता भराभर स्नॅप घेणारं होतं, त्यामुळे घड्याळही वाचलं. मागे पडल्यावर धावेचा धाक टिकवायचा आणि वेग वाढवायचा, हा त्यावरचा उपाय. धाक सोडून ५० पास टाकले की उरतो तो साधा पास टाकणारा संघ, तोही त्या कामासाठी न बांधलेला.

‘क्वार्टरबॅक मोडतो’

हा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे, कारण इथे पोराच्या अंगाचा प्रश्न आहे. वेकोच्या दोन आठवडे आधी, ३ नोव्हेंबरला, क्लाइन ओक्लाहोमा स्टेटविरुद्ध दुखापत होऊन बाहेर गेला होता. पण स्नायडर यांनी हा खर्च आधीच ओळखला होता. २०११ मध्ये क्लाइनच्या ३१७ धावा होत्या, २०१२ मध्ये २०७. एक तृतीयांश कपात, तरीही २३ टचडाउन. आखलेल्या धावा तिसऱ्या डाउनला कमी अंतर असताना आणि गोलरेषेजवळ राखून ठेवायच्या, मोकळ्या मैदानात पाय पुढे करून घसरायचं, रेषेजवळ असेल तर बाहेर निघायचं. आघाडी वीसच्या वर गेली की एकही धाव क्वार्टरबॅकला द्यायची नाही. जो प्रशिक्षक हे पाळत नाही त्याला जाब विचारावा.

आरोप करण्याआधी चित्रण कसं बघावं

२३ नोव्हेंबर २०२४ चा सामना काढा. ओक्लाहोमाने अलाबामाला २४-३ असं हरवलं. विजयी क्वार्टरबॅक जॅक्सन आर्नल्डच्या धावा २५, यार्ड १३१, आणि पासचे यार्ड फक्त ६८. पराभूत जेलन मिलरोच्या धावा १५, यार्ड ७. एकाच मैदानावर पळणारे दोन क्वार्टरबॅक, आणि ‘ही पद्धत चालत नाही’ असं सांगितलं गेलं ते हरलेल्याच्या बाबतीत.

प्रत्येक आखलेली धाव दोनदा बघा. पहिल्यांदा स्नॅपच्या आधी चित्र थांबवा आणि बॉक्समधली माणसं मोजा: त्यांचे किती, आपले अडवणारे किती. तिथे बरोबरी असेल आणि त्यांचा जास्तीचा एकटा माणूस मागचा सेफ्टी असेल, तर चाल बरोबर निवडली होती. दुसऱ्यांदा चेंडूकडे बघू नका, लाइनमागून धावणाऱ्या गार्डकडे बघा. तो लाइनबॅकरपर्यंत पोचला का, आणि क्वार्टरबॅक त्याच्या मागे होता की पुढे? मग फळा बघा. त्या क्षणी गुणांचं अंतर किती होतं, आणि ते अंतर पडलं तेव्हा चेंडू कुणाकडे होता?