नाटक मुंबईला न्या, पण पेटी-तबल्यासकट

आमच्या नाटकवेड्यांच्या कंपूत सध्या एकच विषय चालू आहे. कोकणातल्या एका हौशी संस्थेचं संगीत नाटक मुंबईतला एक व्यावसायिक निर्माता उचलणार, अशी बातमी आहे. जाहिरात अजून आलेली नाही, म्हणून ना नाटकाचं नाव लिहीत ना कुणाचं. ज्यांना कळायचं त्यांना कळलंच असेल.

तर वादाचे सरळ दोन तट पडलेत. एका तटाचं म्हणणं असं, की मुंबईला आलं म्हणजे नाटकाचं सोनं झालं. दादरच्या शिवाजी मंदिर नाट्यगृहाला बोर्ड लागला की त्या मंडळींच्या इतक्या वर्षांच्या तालमी सार्थकी लागल्या. दुसरा तट म्हणतो, मुंबईवाले त्याची पार वाट लावणार, आहे तिथंच राहू दे. माझं दोघांशीही भांडण आहे. कारण त्याच बातमीत आणखी एक वाक्य होतं आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाहीये: ‘संगीत रेकॉर्ड करून घेणार आहेत म्हणे.’ म्हणजे नट गाणार रंगमंचावर आणि पेटी-तबला येणार स्पीकरमधून. बाकी मुंबई की कोकण, हा प्रश्न माझ्यासाठी त्यानंतरचा.

पण आधी ‘आहे तिथंच राहू दे’वाल्यांचा समाचार घेते. ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिनाच्या शुभेच्छा फॉरवर्ड करणारे हेच लोक. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं, हे सगळ्यांना पाठ असतं. त्यानंतर काय झालं, हे फारसं कुणी सांगत नाही. सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन पाठीशी होते तोवर ठीक चाललं होतं. १८५१ साली ते गेले, राजाश्रय आटला आणि भाव्यांना मंडळी घेऊन बाहेर पडावं लागलं. १८५३ मध्ये ते मुंबईला आले आणि ग्रँट रोडच्या थिएटरात तिकीट लावून खेळ केले. म्हणजे लहान गावातलं गाण्याचं नाटक मोठ्या शहरात नेऊन तिकिटावर चालवायचं, ही आपल्या रंगभूमीची पावणेदोनशे वर्षांची जुनी खोड आहे. आज वाशीच्या नाट्यगृहाला ज्यांचं नाव आहे, त्यांनीच लावलेली. तेव्हा नाटक गावाबाहेर पडलं की बाटतं, हे मला कुणी सांगू नये.

आता त्या खेळांत काय असायचं ते बघा. पदं सगळी सूत्रधार म्हणायचा, त्याच्यासोबत साथीदार उभे. पात्रं येऊन बहुतेक आयत्या वेळची भाषणं करायची. साथ काढून घेतली तर मागे उरणार काय? पुढे १८८० साली पुण्यात किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ आलं, तेव्हापासून पात्रं स्वतः गायला लागली, पण साथीदारांची किंमत कमी झाली नाही, उलट वाढली. बालगंधर्वांच्या कंपनीत तबल्याला कोण होते? अहमदजान थिरकवा. ज्यांच्या एकट्या तबल्यासाठी मैफली भरायच्या, ते नाटकात पदांच्या साथीला बसायचे. त्या परंपरेचं नाव घेऊन संगीत नाटक विकायचं आणि थिरकव्यांच्या जागी पेन ड्राइव्ह लावायचा, हे मला पचत नाही.

हेच नाटक मी तालुक्याच्या गावी पाहिलंय. सभागृह यथातथाच, पंखे आवाज करणारे, पडदा ओढताना अर्ध्यात अडकणारा. नायिकेचं काम करणाऱ्या बाई दिवसा शाळेत शिकवतात. त्या दिवशी त्यांचा घसा बसला होता. पहिल्याच पदात वरच्या सुराला आवाज चिरकला, त्यांनी ती जागा कशीबशी खाली वळवून घेतली. मी पहिल्या रांगेत कडेला बसले होते, त्यामुळे पुढचं सगळं मला दिसलं. ऑर्गनवाल्या काकांनी मान वर केली आणि तबलजीकडे नुसतं पाहिलं. पुढचा प्रवेश विनोदी होता. लोक हसत होते, तेवढ्यात तबलजीनं शेजारी झाकून ठेवलेला दुसरा तबला पुढे ओढला, काकांनी एक पट्टी जेमतेम ऐकू येईल एवढी दाबून धरली आणि प्रत्येक हशाच्या आडून तबलजीनं हातोडीचे हलके ठोके देत तबला लावून घेतला. नायिका पुन्हा आली तेव्हा पद काळी चारऐवजी काळी तीनमध्ये, म्हणजे आधीपेक्षा खालच्या स्वरात, सुरू झालं. बाईंनी पहिला सूर ऐकला, एकदाच ऑर्गनकडे नजर टाकली आणि जे काही गायल्या म्हणता! वन्स मोअर आला. प्रेक्षागृहात बहुतेकांना काही घडल्याचा पत्ताही नव्हता.

ध्वनिसंयोजन करणाऱ्या एका मित्राला हे सांगितलं, तर तो लगेच म्हणाला, ‘अगं, रेकॉर्ड केलेल्या ट्रॅकचीही पट्टी आता एका बटणावर बदलता येते.’ येत असेल की. पण पट्टी बदलायला हवी हे ठरवणार कोण? काचेमागे बसलेला ऑपरेटर? गाणारीला दम लागलेला त्याला ऐकू येतो का? आणि वन्स मोअरचं काय करणार? गाणारी रंगात येऊन दोन आवर्तनं जास्त आलापी करायला लागली तर ट्रॅक तिच्यासाठी थांबणार आहे का? ट्रॅकवर पद बरोबर तेवढंच आणि तसंच होतं. मग नटीचं सगळं लक्ष समोरच्या पात्राऐवजी कानातल्या ठेक्याकडे लागतं. मी अशी नाटकं पाहिली आहेत, त्यातली काही चांगलीही आहेत. पण ती त्याच बेतानं बांधलेली होती. हे नाटक तसं बांधलेलं नाही. यातली निम्मी गंमत गाणारे आणि वाजवणारे एकमेकांना जे खेळवतात त्यात आहे.

निर्मात्याला शिव्या घालायला मी हे लिहीत नाहीये. त्याचं गणित मला कळतं. बसमधल्या जागा मोजून असतात. साथीदार वाढले की त्यांच्या नाइट (प्रयोगामागचं मानधन) वाढल्या, राहण्याची सोय आली, जास्तीचे माइक आले. ऑर्गन टेम्पोत घालायचा, उतरवायचा, पावसाळ्यात सांभाळायचा. खर्चाचा प्रयोग बेतायचा तो शनिवार-रविवारी, आणि त्या तारखा मिळवण्यासाठी मारामारी. तिकीट 300-500 रुपयांच्या घरात ठेवावं लागतं, नाहीतर चौघांचं कुटुंब घराबाहेर पडत नाही. मग कात्री लावायची तर कुठे? नटाला लावली तर बोंब होते, नेपथ्याला लावली तर परीक्षणात लिहून येतं. साथीदार जाहिरातीतही नसतात आणि नीट उजेडातही नसतात, म्हणून पहिली कात्री त्यांना.

माझं मागणं फार मोठं नाही. वाद्यवृंद नको मला. व्हायोलिन परवडत नसेल तर राहू द्या. ऑर्गन किंवा पेटी आणि तबला, दोन माणसं. पण तीच दोन माणसं! मुंबईत वाजवणारे उत्तम लोक आहेत, याबद्दल वाद नाही. प्रश्न असा की या दोघांनी ते नाटक वर्षानुवर्षं तालमीपासून वाजवलंय. कोणती बाई कुठल्या ओळीला श्वास घेते, कुठल्या नटाचं वाक्य लांबतं, कुठे हशा येतो आणि तिथे सूर किती धरून ठेवायचा, हे त्यांच्या बोटांत बसलंय. आठवड्याच्या दोन तालमींत हे दुसऱ्याला देता येत नाही. खरी अडचण वेगळीच आहे: दोघंही नोकरीवाले. रजा कुठून आणणार? त्यावर उपाय म्हणजे प्रयोग कमी लावणे. महिन्यातले दोन शनिवार-रविवार मुंबई-ठाण्यात, बाकी विश्रांती. दणादण पन्नास प्रयोग करून ऊर फुटेस्तोवर धावायचं आणि मग बंद, यापेक्षा ते बरं. आमच्या कंपूतले एक काका म्हणाले, ‘असं नाटक चालत नसतं ताई, सलग लावलं तरच तोंडी जाहिरात होते.’ त्यांचा अनुभव माझ्यापेक्षा मोठा आहे, तरी मला पटलेलं नाही. महिनाभर वाट पाहायला लावणाऱ्या प्रयोगाची चर्चा जास्त होते असं माझं मत.

दुसरी कुजबुज म्हणजे नायिका बदलणार. मालिकेतला ओळखीचा चेहरा हवा म्हणे, म्हणजे बुकिंग होतं. यावर फार शाई खर्च करत नाही, एकच उदाहरण देते. २०१२ साली ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ आलं. राजकुमार तांगडेंचं लेखन, नंदू माधवांचं दिग्दर्शन, संभाजी भगतांची शाहिरी आणि रंगमंचावर जालन्याकडची पोरं, ज्यांना मुंबई-पुण्यात तेव्हा फारसं कुणी ओळखत नव्हतं. त्यांची बोली, त्यांचं अंग, त्यांचा आवाज, सगळं जसंच्या तसं आलं आणि म्हणून ते नाटक चाललं. तिथं जालना काढून दादर घातलं असतं तर काय राहिलं असतं? आणि बोलीची भीती बाळगणाऱ्यांनी ‘वस्त्रहरण’ आठवावं. मालवणी कुणाला कळणार म्हणता म्हणता पाच हजारांवर प्रयोग झाले.

काटछाटीला मात्र माझा अजिबात विरोध नाही, आणि इथं माझ्या बाजूचे लोकच माझ्यावर चिडतील. नाटक गावात चार तास चालतं. मुंबईत एका सत्रात तेवढं बसत नाही. पुढच्या प्रयोगाची मंडळी सामान घेऊन दारात उभी असतात. कापा. दुसऱ्या अंकातली दोन पदं सरळ गाळण्यासारखी आहेत, आणि विनोदी उपकथानक अर्ध्यावर आणलं तर उपकारच होतील. फक्त कात्री मूळ दिग्दर्शकाच्या हातात द्या आणि नांदीला हात लावू नका. नांदीत प्रेक्षकांचा कान लागतो. ती कापून वाचणार किती, पाच मिनिटं? तेवढी तर उशिरा येणाऱ्यांच्या मोबाइलच्या टॉर्चमध्येच जातात.

आता, प्रत्येक नाटकानं मुंबईला यावंच, असंही माझं म्हणणं नाही. झाडीपट्टीचं उदाहरण घ्या. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात धानाची कापणी आटोपली की गावोगाव नाटकं लागतात. वडसा हे त्यांचं मोठं केंद्र. नाटक रात्री सुरू होतं ते पहाटेपर्यंत, गाणी-नाच-वाद्यं सगळं तिथल्या तिथं. गावात पाहुणे येतात, घरं भरतात, बाजार भरतो. त्या रंगभूमीतल्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा मुंबई-पुण्यातल्या कितीतरी नाट्यरसिकांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं. त्या नाटकाला मुंबईची गरज नाही, त्याचा स्वतःचा प्रेक्षक आहे, स्वतःचा हंगाम आहे, स्वतःचा पैसा आहे. रात्रभराचं नाटक अडीच तासांत कोंबून माटुंग्याला ‘लोककला महोत्सव’ म्हणून दाखवणं म्हणजे त्याची थट्टा. ज्याला पाहायचंय त्यानं स्वेटर घेऊन वडशाला जावं.

कोकणातल्या या नाटकाची गोष्ट वेगळी. हे मुळातच बंदिस्त नाट्यगृहासाठी, दिव्यांच्या हिशोबानं बसवलेलं आहे. ते मुंबईत शोभेल. प्रेक्षक येईल का, ही शंका मला नाही. ‘संगीत नाटकाला आता फक्त पेन्शनर येतात’ हे वाक्य ‘देवबाभळी’नं खोटं पाडून झालंय. नाशिकच्या प्राजक्त देशमुखांचं ते नाटक २०१७ साली व्यावसायिक रंगभूमीवर आलं. आवली आणि रखुमाई अशी दोनच पात्रं, अभंगांचा सूर, आणि कॉलेजमधली मुलं तिकिटाला रांगेत. लेखकाला पुढे साहित्य अकादमीचा युवा पुरस्कारही मिळाला. फरक एवढाच की दोन पात्रांच्या नाटकाची बस हलकी असते. आमच्या या नाटकात बारा-चौदा माणसं आहेत, म्हणूनच तर साथीदारांवर गदा येतेय.

तेव्हा निर्मातेसाहेब, हे तुमच्यापर्यंत कुणीतरी पोचवेलच (आपलं जग एवढंसं आहे, दोन दिवसांत पोचेल). जाहिरातीत नटांच्या नावाखाली ऑर्गन आणि तबला यांची नावं तेवढ्याच अक्षरात छापा. ‘प्रत्यक्ष साथसंगत’ असं ठळक लिहा, विकलं जाईल. त्यांना बसवताना खांबाआड नको, गाणाऱ्याला डोळ्यांनी दिसतील असं बसवा. शक्यतो प्रयोग दुपारचा नको. दिवसभर बसमध्ये हाडं खिळखिळी करून आलेल्या माणसांचा गळा चार वाजता लागत नाही. आणि खर्चाचं म्हणाल तर पाचशेचं तिकीट सहाशे करा. वरचे शंभर पेटी-तबल्याचे आहेत असं तिकीटखिडकीवर लिहून लावलंत तरी चालेल, मी देईन. माझ्यासारखे आणखी किती निघतात ते बुकिंगचा प्लॅन उघडला की दिसेलच.