दोष फक्त समुद्राचा नाही

"समुद्र नाही म्हणून मलावी गरीब" हे आफ्रिकेतल्या मलावी देशावरच्या तुमच्या लेखातलं वाक्य अर्धंच खरं आहे. मी तीन वर्षं तिथल्या ब्लँटायर शहरात, लिंबे भागात नोकरीला होतो. माल मोझांबिकच्या बेइरा नाहीतर नाकाला बंदरापर्यंत न्यायचा, भाडं अंगावर येतं, मान्य. पण निर्यातीचा मोठा वाटा एकट्या तंबाखूचा. ब्रिटिश मळेवाल्यांनी बसवलेली ही घडी १९६४ च्या स्वातंत्र्यानंतर तिथले पहिले राष्ट्राध्यक्ष हेस्टिंग्ज बांदा यांनी उलट आणखी घट्ट केली. त्यावर लेखात अवाक्षर नाही!

आणि तूर कशी विसरलात? तिथे तिला नांडोलो म्हणतात, मक्यात आंतरपीक घेतात. आमच्या घरमालकीणबाई ती न भरडता अख्खीच शिजवून न्सिमाबरोबर, म्हणजे मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीबरोबर वाढायच्या. वर्षाला ५०,००० टन घ्यायचा करार २०२१ मध्ये भारतानेच केलाय की.