डाव्या पायाचा जानेवारी

मागच्या आठवड्यात एका संध्याकाळी सात वाजता मी मेलबर्नच्या टार्नीट उपनगरातल्या ग्राउंडवर उभा होतो, जानेवारी म्हणजे इथे भर उन्हाळा, सूर्य साडेआठपर्यंत मावळत नाही, आणि कोल्हापूरहून दादाचा फोन आला. तिकडे दुपारची जेवणं झालेली. विषय नेहमीचाच, आमच्या पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल टीमचा. दादाचं म्हणणं की बाहेरचे चांगले खेळाडू आणल्याशिवाय कप येत नाही, आणि मागून पुतण्या ओरडतोय की मग आम्ही पोरांनी बेंचवरच बसायचं काय. तो सोळा वर्षांचा आहे. दोघांचं जुंपलं आणि मी स्पीकरवर ऐकत राहिलो, समोर माझी लेक डाव्या पायाने किक मारत होती आणि प्रत्येक बॉल भलतीकडेच जात होता.

त्या दोन गोष्टी एकाच वेळी कानावर-डोळ्यावर आल्या म्हणून हे लिहितोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मेलबर्नमध्ये फुटबॉल म्हटलं की ते आपलं कोल्हापूरचं फुटबॉल नाही, त्याला सॉकर म्हणतात. इथली फूटी म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स, अंडाकृती बॉल, क्रिकेटचं लंबगोल ग्राउंड, एका बाजूला १८ जण, दोन्ही टोकांना चार-चार खांब, मधल्या दोन खांबांतून किक गेली की ६ पॉइंट, बाजूच्या फटीतून गेली की १. बॉल फेकायचा नाही, एका तळव्यावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसा मारून पास द्यायचा. पळताना साधारण १५ मीटरला एकदा बॉल जमिनीवर टेकवायचा किंवा आपटायचा. आणि ह्या खेळाचा जन्मच मुळी प्री-सीझन, म्हणजे सीझनआधीच्या ट्रेनिंगमधून झाला असं मला वाटतं, कारण १८५८ साली टॉम विल्स नावाच्या क्रिकेटपटूने पेपरात पत्र लिहिलं होतं की हिवाळ्यात क्रिकेटवाल्यांची अंगं सैल पडू नयेत म्हणून फुटबॉल क्लब काढा, आणि पुढच्या वर्षी मे महिन्यात मेलबर्न क्लबने नियम लिहून काढले. म्हणजे एका खेळाच्या रिकाम्या महिन्यांसाठी दुसरा खेळ काढला.

सीझन साधारण मार्च-एप्रिलला सुरू होतो, सप्टेंबरच्या शेवटाला मोठ्या क्लबांची ग्रँड फायनल. प्री-सीझन नोव्हेंबरला सुरू, ख्रिसमसला सुट्टी, जानेवारीत परत. एएफएल म्हणजे फूटीची सगळ्यात मोठी लीग, तिच्यातल्या क्लबांच्या बातम्या येतात त्या सगळ्या पळण्याच्या, दोन किलोमीटरची टाइम ट्रायल कोण पहिला आला, कोणाचं वजन किती उतरलं. गल्लीतल्या क्लबांमध्ये पूर्वी तर पद्धतच होती की ख्रिसमसपर्यंत बॉल कपाटात, नुसतं पळा, टेकड्या चढा, वाळूत पळा. जुने लोक अजून अभिमानाने सांगतात किती उलट्या झाल्या ते. मला विचाराल तर त्या बातम्यांना फार महत्त्व देऊ नये, पळता तर सगळ्यांनाच येतं, दमल्यावर बॉल कुठे द्यायचा हे ज्याला कळतं तो खेळाडू.

आमच्या लेकीचा कोच धंद्याने इलेक्ट्रिशियन. पगार शून्य. दिवसभर लोकांच्या छतात वायरी ओढून सहाला ग्राउंडवर हजर. इथे व्हिक्टोरिया राज्यात मुलांसोबत काम करायचं तर सरकारी तपासणीचं कार्ड लागतं, ते त्याच्याकडे आहे, कोचिंगचा सुरुवातीचा कोर्स केलाय, बस. ह्या माणसाने जानेवारीच्या पहिल्याच दिवशी पोरींना सांगितलं, हा महिना फक्त उलट्या पायाचा. उजवी असेल तर डावा, डावी असेल तर उजवा. पोरींचे चेहरे उतरले, कारण उलट्या पायाने मारलं की सगळ्या सारख्याच वाईट दिसतात, जी स्टार आहे ती पण.

आणि पहिली वीस मिनिटं किकच नाही. नुसता बॉल हातातून सोडायचा. मी जवळ जाऊन बघितलं म्हणून सांगतो. ड्रॉप पंट नावाची जी मुख्य किक आहे त्यात बॉल दोन्ही हातांनी धरायचा, बोटं कडेने पसरलेली, शिवण वर, आणि डाव्या पायाने मारायचं तर डाव्या हातानेच बॉल खाली न्यायचा, बॉल उभाच्या उभा पायाकडे गेला पाहिजे. उजव्या हाताची सवय असलेल्या पोरी उजव्या हाताने सोडतात, बॉल तिरका पडतो, मग पाय कितीही बरोबर असू दे, किक वाकडी. म्हणजे चूक दिसते पायात आणि असते हातात. कोच गुडघ्यावर बसून प्रत्येकीचा बॉल पडताना बघत होता, एक शब्द, "हात", आणि पुढची. माझी लेक चौदाव्या की पंधराव्या वेळी सरळ सोडू शकली. घरी येताना गाडीत म्हणाली, बाबा, मला वाटायचं माझा डावा पायच खराब आहे.

डावा पाय कशाला पाहिजे, ते पण सांगतो. फूटीत बॉल हातात आला की आजूबाजूचे अंगावर धावून येतात. उजव्याच पायाने मारता येत असेल तर उजवीकडून कोणी आला की तुम्हाला अख्खं वळायला लागतं, तेवढ्या सेकंदात पकडले गेलात आणि बॉल सोडता नाही आला की फ्री किक समोरच्याला. दोन्ही पाय चालत असतील तर वळायची गरजच नाही. हॉथॉर्न ह्या एएफएल क्लबचा सॅम मिचेल ह्याचं नाव इथे नेहमी घेतात. वेग फार नव्हता, उंची बेताची, २००१ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, ३६ वा निवडला गेला, म्हणजे त्याच्याआधी ३५ पोरं लोकांना जास्त बरी वाटली. त्याने चार प्रीमियरशिप, म्हणजे लीगची विजेतेपदं, घेतल्या, २००८ ची तर कॅप्टन म्हणून, आणि दोन्ही पाय असे की बघणाऱ्याला मूळचा कुठला ते सांगता येऊ नये. आता तो त्याच क्लबचा कोच आहे.

आता घरच्या वादाकडे येतो.

आपल्याकडे खेळावरची चर्चा बघा. ऑलिम्पिक झालं की सुरू, १४० कोटी लोक आणि पॅरिसला ६ मेडल्स, ऑस्ट्रेलियाला ५३. मग सुविधा नाहीत, ग्राउंड नाहीत. दहावीचा निकाल आला की खेळाचे ग्रेस गुण द्यावेत की नाही. नोकरभरती आली की ५ टक्के खेळाडूंचा कोटा आणि बोगस सर्टिफिकेटं. कोल्हापुरात असाल तर बाहेरचे खेळाडू, नायजेरियातून आलेले पण झाले, किती घ्यायचे, बक्षिसाची रक्कम किती. ह्यातली एकही चर्चा चुकीची नाही, पण सगळ्या चर्चा खेळाडू तयार झाल्यानंतरच्या आहेत. तयार कोण करतंय, कधी करतंय, जो तिसाव्या नंबरचा पोरगा आहे त्याचा डावा पाय कोण बघतंय, ह्यावर कोणी भांडताना मी ऐकलं नाही.

माझ्या शाळेतलं आठवतं. टीम निवडायच्या दिवशी ट्रायल, शंभर पोरं, सरांनी दोन तासात सोळा निवडले आणि बाकीचे घरी. ते सोळा म्हणजे ज्यांना आधीच येत होतं ते, कोणाचा मोठा भाऊ तालमीत खेळायचा म्हणून, कोणाचं घर मैदानाला लागून म्हणून. मी तीन वर्षं ट्रायलला गेलो, तीन वर्षं गोलच्या मागे उभा राहून बॉल आणून दिले, आणि एकदाही मला कोणी सांगितलं नाही की माझं नेमकं काय चुकतंय. पीटीचा तास बहुतेक वेळा गणिताला जायचा. सरांना दोष देत नाही, एक सर आणि पाचशे पोरं होती. पण निवडणं आणि शिकवणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि आपण पहिल्याच कामात सगळा जीव घालतो.

आणि मला ह्याचं जास्त वाईट वाटतं कारण कोल्हापूरला हे शिकवायला परदेशातून कोणी यायची गरज नाही. आपल्याकडे तालीम आहे. गंगावेस, मोतीबाग, ह्या नावांना अजून मान आहे. वस्ताद काय करायचा? नवीन पोराला कुस्ती लावायचाच नाही. माती उकरायला लावायचा, जोर, बैठका, आणि मग एकच डाव, चार-चार महिने नुसता एकेरी पट, उजवीकडून झाला की डावीकडून. माझे चुलत आजोबा सांगायचे की ढाक बसायला त्यांना दोन पावसाळे लागले. लाल मातीत ताक, हळद, लिंबू घालून ती मऊ करायची ती पण त्याच्यासाठीच ना, की रोज शंभर वेळा पडलं तरी उद्या परत पडता आलं पाहिजे. आणि मुंबईत बघा, कांगा लीग १९४८ पासून भर पावसाळ्यात खेळतात, ओल्या विकेटवर बॉल कसाही उसळतो, तिथे टिकला त्याचं तंत्र पक्कं. आचरेकर सर शिवाजी पार्कवर स्टंपवर रुपयाचं नाणं ठेवायचे हे तर सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे. म्हणजे सराव कसा घ्यायचा हे आपल्या रक्तात आहे. गंमत बघा, कोल्हापुरात फुटबॉल खेळणाऱ्या टीमांच्या नावातच तालीम आहे, एक तर चक्क प्रॅक्टिस क्लब.

इथलं सगळं गोड आहे असं मी म्हणणार नाही. ग्राउंडची मारामारी इथे पण आहे, उन्हाळ्यात ग्राउंड क्रिकेटवाल्यांचं असतं, फूटीच्या पोरींना कडेचा एक तुकडा मिळतो आणि मधल्या पिचवर पाय ठेवायचा नाही. कोल्हापूरच्या गांधी मैदानात पावसाळ्यात पाणी साचतं तेव्हा आपण जसं कुठेतरी कोपरा शोधतो तसंच. फी भरायला लागते, बूट महाग, प्रत्येक ठिकाणी गाडीने न्यायला लागतं. आणि मी साडेपाचला लॅपटॉप बंद करून ग्राउंडवर जाऊ शकतो, दादा रात्री दहाला दुकानाचं शटर ओढतो, त्याने कधी कोचिंग करायचं? हा फरक खरा आहे आणि नुसत्या लेखाने तो जात नाही. डोक्याला मार लागायची भीती पण आहेच, कन्कशन झालं तर गल्लीतल्या क्लबच्या खेळाडूला सुद्धा किमान २१ दिवस मॅच नाही, त्याबाबतीत इथले लोक कडक आहेत ते बरंच आहे. आणि एक गोष्ट इथे मिळत नाही ती म्हणजे कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमची गर्दी. पेठेच्या मॅचला जी माणसं येतात तशी इथल्या गल्लीतल्या क्लबला स्वप्नात पण येणार नाहीत. पोरीच्या मॅचला आम्ही तीस पालक असतो, त्यातले दहा कँटीनमध्ये सॉसेज भाजत.

पण दादाच्या वादावर इथे एक उत्तर सापडलं ते त्याला सांगितलं. बाहेरून खेळाडू पैसे देऊन आणायची खोड इथल्या लोकल क्लबांना पण आहे, एएफएल खेळून आलेला एखादा गडी घ्यायचा आणि फायनल मारायची. तर व्हिक्टोरियात त्यांनी प्रत्येक खेळाडूला पॉइंट लावले. क्लबच्याच ज्युनियरमधून वर आलेला पोरगा असेल तर १ पॉइंट, बाहेरून मोठा खेळाडू आणला तर कितीतरी जास्त, आणि मॅचला उतरणाऱ्या टीमच्या पॉइंटांच्या बेरजेला मर्यादा. शिवाय पगारावर पण मर्यादा. पळवाटा काढणारे काढतात, पण हिशोब असा बसतो की घरची पोरं तयार केली नाहीत तर टीमच पूर्ण होत नाही. बाहेरच्याला बंदी नाही. फक्त तो आणायचा तर घरचे दहा शिकवून ठेवायला लागतात.

दादा म्हणाला, "आरं तू तिकडं बसून काय बी सांगशील, हितं हरल्यावर गल्लीत तोंड दाखवायला लागतंय." ते पण खरं आहे. हरल्याचं दुःख मी विसरलेलो नाही, लहानपणी मॅच हरली की घरी कोणी धड जेवायचं नाही. पण म्हणून मी त्याला एवढंच विचारलं की कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ चा सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप खेळला, तो घडला पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत, मग आपल्या पेठेतल्या पोराला घडायला पेठ का सोडायला लागते? आठवड्यातून दोन संध्याकाळी, सीझन नसताना, तालमीतले जुने चार खेळाडू उभे राहिले, पळवायला नाही तर एकेकाचं काय चुकतंय ते बघायला, तर त्याला कोटा लागत नाही, टर्फ लागत नाही. दादा गप्प झाला, मग म्हणाला बघू.

पुतण्याने मात्र दोन दिवसांनी व्हिडिओ पाठवला. तालमीच्या मागच्या भिंतीवर डाव्या पायाने बॉल मारतोय, चाळीसएक किक, बॉल परत येताना दरवेळी उजवीकडे पळतोय. त्याचा बॉल गोल आणि आमचा लांबट, तरी मी गुरुवारी ट्रेनिंगला तो व्हिडिओ कोचला दाखवला. त्याने फोन हातात घेऊन दोनदा बघितला, आवाज बंद करून, आणि म्हणाला मारणारा पाय ठीक आहे, टेकवलेला पाय बघ, त्याचा अंगठा भिंतीकडे नाहीये, बाहेर वळलाय. मी ते तिथेच उभं राहून मराठीत टाइप केलं आणि पाठवून दिलं.