मे महिन्यात वॉशला पट्टे का पडतात: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार भाऊ,

तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याची आहे. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: इमारतीच्या ड्रॉइंगवर पाण्यात कालवलेल्या शाईचे पातळ थर, म्हणजे वॉश, चढवायची जी जुनी पद्धत इथे सांगितली, ती पुण्या-मुंबईच्या हवेची; अकोल्याकडच्या खेड्यात टिनाच्या छताखाली ती चालत नाही. तिसऱ्या ओळीला पोचेपर्यंत पहिली वाळते, पट्टे पडतात, कागद बोर्डाला ताणून चिकटवायची गमटेप (गोंद लावलेली कागदी पट्टी) सुटते, शाई दाणेदार होते. त्यावर तुम्ही सुचवलेला उपाय म्हणजे कपभर पाण्यात दहा थेंब ग्लिसरीन. वर चित्रात ४५ अंशांत टाकतात ती सावली खोटी, आणि मोबाईलवर थ्रीडी होत असताना हा खटाटोप कशाला, हेही विचारलंत.

तुम्हाला जे दिसलं ते सगळं खरं आहे. त्याची कारणं मात्र तुम्ही धरलीत ती नाहीत.

आधी पट्टे. पट्टा पडतो तो हात मंद चालल्यामुळे नाही, वॉशची खालची कड उपाशी राहिल्यामुळे. ब्रश आडवा फिरला की त्या ओळीच्या खालच्या काठाला शाईचं फुगीर पाणी साचलं पाहिजे. ते तुडुंब असेल तोवर वरचा भाग वाळला तरी काही बिघडत नाही, कारण पुढची ओळ त्या पाण्यातूनच ओढायची असते. मे महिन्यात आपल्याकडे दुपारची आर्द्रता अनेकदा २० टक्क्यांच्या खाली जाते. कड जराशी बारीक झाली की ती जागच्या जागी सुकते, आणि तीच रेघ कायमची राहते.

म्हणून शाईपाणी जास्त कालवा. १५ बाय २२ इंचाच्या कागदाला एका थरासाठी एरवी ५० मिलि पुरतं, उन्हाळ्यात ७० ठेवा. मधेच संपलं तर नवी छटा जुळत नाही. ब्रश गोल आणि १२ नंबरचा हवा. ६ नंबरने एवढी कड भरतच नाही. बोर्ड १८ इंच खोल असेल तर मागची बाजू ३ इंच उचला, म्हणजे साधारण १० अंशांचा उतार मिळतो. आधी त्या भागावरून नुसत्या स्वच्छ पाण्याचा हात फिरवा आणि कागदाची चमक गेली की शाई सुरू करा. दर ओळीला ब्रश पुन्हा भरा, त्याचं टोक साचलेल्या पाण्याला लागू द्या, कागद घासू नका, आणि वर परत जाऊ नका. वर राहिलेला डाग दुरुस्त करायचा मोह सगळ्यात महाग पडतो. शेवटी पिळलेल्या ब्रशने तळाचं पाणी टिपून घ्या, नाहीतर ते मागे चढतं आणि फुलकोबीसारखा डाग उमटतो.

वेळ सकाळी सहा ते आठची. पंखा बंद. कूलर आधी अर्धा तास चालवून खोली दमट करा आणि काम सुरू करताना बंद करा. त्याचा झोत कागदावर आला की एक बाजू आधी वाळते. अख्खा दर्शनी भाग एका दमात रंगवायची सक्तीही नाही. जोतं, छज्जा, कोनाडा, खांब या रेषा इमारतच देते, तिथे थांबा.

आणि या हवेचा फायदाही आहे, तो तुम्ही मोजलाच नाही. सकाळच्या वेळीही थर पंधरा-वीस मिनिटांत वाळतो. श्रावणात त्यालाच तास-दीड तास लागतो. आठ-दहा फिके थर चढवायचे असतात तेव्हा हा फरक मोठा आहे. बोटाची पाठ कागदाला लावून पाहा. गार लागलं तर आत अजून ओल आहे.

ग्लिसरीन का नको? ते उडून जात नाही, कागदात राहतं आणि हवेतली ओल ओढतं. एकच सपाट थर द्यायचा असेल तर १०० मिलिला दोन थेंब चालून जातील. पण कांडीची शाई म्हणजे काजळी आणि सरस. ग्लिसरीनने तो सरस मऊ राहतो, म्हणून पुढचा थर खालचा उचलून आणतो. दहा थेंबांचा कागद पावसाळ्यात चिकट होईल, आणि घरात कापूस भरलेला असेल तर तंतू त्यावर येऊन बसतील. ओल्या वॉशवर तंतू पडलाच तर तेव्हा हात लावू नका, पूर्ण वाळल्यावर काढा.

गमटेपचं कारण सोपं आहे: टेपचा गोंद धरायच्या आत कागद आकसतो आणि तिला उपटतो. तालुक्याला ती मिळतही नाही, तेव्हा सोडूनच द्या. कागदाच्या चारही कडा एक-एक इंच वर दुमडा. त्या कोरड्या ठेवून मधला भाग स्पंजने दोन-तीनदा भिजवा आणि दहा मिनिटं मुरू द्या. मग कडांच्या खालून मैद्याची घट्ट खळ लावून त्या बोर्डावर दाबा. खळीत चिमूटभर मोरचूद असला तर कीड लागत नाही, पण हात धुवा. कडा वाळेपर्यंत मधोमध ओलं फडकं ठेवा, म्हणजे खळ आधी धरते आणि कागद नंतर ताणतो. बोर्ड आडवा, सावलीत. प्लाय १२ मिमीची घ्या, ६ मिमीची या ताणाने वाकते.

दाणेदार शाईचा दोष पाण्याचा. तुम्ही पूर्णेच्या खारपाण पट्ट्यातले. बोअरच्या पाण्यातल्या क्षारांनी काजळीचे कण एकमेकांना चिकटतात. दोन काचेच्या ग्लासांत, एकात बोअरचं आणि एकात इन्व्हर्टरसाठी विकतात ते डिस्टिल्ड पाणी, शाईचा एकेक थेंब टाकून रात्रभर ठेवा. तळ पाहिला की पटेल. पाणी उकळून खार जात नाही. पहिल्या एक-दोन सरी सोडून धरलेलं पावसाचं पाणी उत्तम. बाटलीतली वॉटरप्रूफ शाई रेषांसाठी ठेवा, वॉशसाठी नाही.

सावलीचं म्हणाल तर ४५ अंश हा खऱ्या सूर्याचा कोन आहे असा दावाच नाही. मेच्या अखेरीस आपल्याकडे दुपारी सूर्य डोक्यावर येतो, हे कोणाला माहीत नाही? डावीकडून वरून, घनाच्या कर्णाच्या दिशेने प्रकाश येतो असं मानायचं. त्याचा जमिनीशी खरा कोन ३५ अंश १६ मिनिटांचा असतो. समोरून काढलेल्या दर्शनी चित्रात मात्र तो ४५ अंशांचा दिसतो, त्यामुळे तिथे सावलीची खोली पुढे आलेल्या भागाएवढीच पडते. छज्जा दोन फूट पुढे, तर सावली दोन फूट खाली. लोणारच्या दैत्यसूदन मंदिरासारखा तारकाकृती आराखडा असला की कोणता कोपरा किती मागे गेला, हे चित्रात सावलीवरूनच वाचता येतं. काळ्या दगडाची हेमाडपंती देवळं काढताना दगडाची छटा मुद्दाम फिकी ठेवा, पूर्ण काळ्याच्या पाव भागाएवढी. दगडच काळा केला तर सावलीला जागा उरत नाही. पडलेली सावली वर गडद, खाली जमिनीचा उजेड परतत असल्याने थोडी फिकी. कड मात्र धारदार.

थ्रीडी जरूर करा. त्याने याचं काही अडत नाही.

महागड्या सुती कागदावर शिकायचीही गरज नाही. २०० जीएसएमचा साधा ड्रॉइंग कागद खळीने ताणा, त्यावर ४ बाय ६ इंचाचे चौकोन आखा आणि एकाच शाईपाण्याचे एक ते आठ थर देत छटांची पट्टी करा. सहाव्या थरानंतर स्वस्त कागदाचा पृष्ठभाग उसवायला लागतो, तेवढं धरून चला.